हसू कुणाचं, हसं कुणाचं

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (2014) या चित्रपटात न्यायालयाबाहेरचा एक प्रसंग आहे. नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला चालवणाऱ्या सरकारी वकील बाई सुटीच्या दिवशी नवऱ्याला आणि मुलांना घेऊन मराठी नाटकाला जातात. नाटक विनोदी आहे. रंगमंचावर एका परप्रांतीय तरुणाची यथेच्छ टर उडवली जाते, त्याला घराबाहेर काढलं जातं आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणतं. बाईही मनापासून हसतात. दिग्दर्शक यावर काहीच म्हणत नाही. लांबून, शांतपणे, ते हसणं तो आपल्याला पाहू देतो. मराठी विनोदावर इतकं नेमकं बोट ठेवणारा दुसरा प्रसंग मी पडद्यावर पाहिलेला नाही. भेद करणारा माणूस दात-ओठ खात, डोळे वटारून भेद करतो, अशी आपली समजूत असते. ताम्हाणे दाखवतात की तो तिकीट काढून, कुटुंबासोबत, मोकळेपणी हसत भेद करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन कामावर जातो.

हा लेख मुख्यतः लघुपटांविषयी आहे. तरीही सुरुवात या पूर्ण लांबीच्या चित्रपटाने केली, कारण माझी तक्रार त्या एका प्रसंगात सामावलेली आहे. कातडीचा रंग, नाकडोळ्यांची ठेवण, बोली, आडनाव, गाव यांवरून रोज माणसाला खाली बसवलं जातं. या विषयावर आपल्याकडे जे लघुपट गांभीर्याने केले जातात, ते बहुतेक दुःखाच्या वाटेने जातात. हसवण्याचं काम दुसऱ्या गटाकडे, म्हणजे भेद करणाऱ्यांकडेच राहिलं आहे. एका बाजूला अश्रू, दुसऱ्या बाजूला हशा, अशी वाटणी झाली आहे, आणि या वाटणीत दुबळ्याच्या हातातलं एक जुनं, धारदार हत्यार निसटलं आहे. ते त्याला परत मिळायला हवं.

आधी हशाच्या बाजूला काय चाललं आहे ते पाहू. टीव्हीवरच्या प्रहसनांत सावळ्या माणसाला 'लाईट गेली का' असं विचारणं हा आजही हुकमी विनोद समजला जातो. आगरी किंवा मालवणी हेल काढला की नोकराची भूमिका उभी राहिली, असं मानलं जातं. ईशान्येकडचा माणूस आला की तो नेपाळी आणि नेपाळी आला की तो गुरखा. या विनोदाला लेखक लागत नाही, कारण तो प्रेक्षकाच्या मनात आधीच लिहिलेला असतो. नटाने फक्त बोट दाखवायचं. विनोद म्हणून तो आळशी आहे हा माझा पहिला आक्षेप, आणि तो क्रूर आहे हा दुसरा. दोन्ही दोष एकाच मुळातून येतात. ज्याच्यावर हसायचं त्याच्याकडे लेखकाने कधी नीट पाहिलेलंच नसतं.

गंभीर बाजूलाही असं न पाहणं आहेच. 'रंग माझा वेगळा' ही मालिका 2019मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली. सावळ्या रंगामुळे हिणवल्या जाणाऱ्या तरुणीची ती गोष्ट. हेतू चांगला आणि लोकप्रियताही मोठी. पण नायिकेच्या भूमिकेत उजळ वर्णाची अभिनेत्री होती आणि तिला मेकअपने सावळं केलं होतं. हिंदीत त्याच वर्षी आलेल्या 'बाला'मध्ये भूमी पेडणेकरच्या बाबतीतही हेच झालं. सावळ्या मुलीची व्यथा सांगायची, पण त्यासाठी सावळी मुलगी निवडायची नाही. हा खरं तर फार्सचाच विषय आहे आणि त्यावर फार्स झालाही, मात्र तो मराठीत झाला नाही.

राजेश राजामणी यांचा 'द डिस्क्रीट चार्म ऑफ द सवर्णाज' हा लघुपट डिसेंबर 2020मध्ये पा. रंजित यांच्या नीलम प्रॉडक्शन्सने यूट्यूबवर प्रदर्शित केला. लांबी वीस-बावीस मिनिटं. शीर्षक बुन्युएलच्या 1972च्या गाजलेल्या चित्रपटावरून घेतलेलं. शिकलेले, पुरोगामी, चांगल्या मनाचे तीन तरुण सिनेमावाले जातीवर चित्रपट करताहेत आणि त्यांना 'दलित दिसणारा' नट हवा आहे. त्याच्या शोधात त्यांची वणवण चालू होते. एवढंच कथानक. पण राजामणी या तिघांना खलनायक करत नाहीत, ही त्यांची खरी करामत. तिघं एकमेकांशी प्रेमाने बोलतात, जगातल्या अन्यायाने व्याकूळ होतात, योग्य शब्द वापरण्याची काळजी घेतात. आपण हसतो ते त्यांच्या दुष्टपणाला नाही. त्यांच्या आत्मविश्वासाला आपण हसतो. दलित माणूस कसा दिसतो हे आपल्याला पक्कं माहीत आहे, याविषयी त्यांना किंचितही शंका नसते. या लघुपटात दलिताचं दुःख जवळजवळ नाहीच. कॅमेरा सगळा वेळ बघणाऱ्याकडे वळवलेला आहे. जातीवरच्या सिनेमात इतकी वर्षं ज्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, तो सवर्ण सद्‌गृहस्थ इथे पहिल्यांदा नमुना म्हणून काचेखाली आला.

हा लघुपट पाहिल्यावर काही मित्र नाराज झाले. जातीसारख्या जीवघेण्या विषयावर हसणं त्यांना पटेना. त्यांचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. ज्याच्या घरात अत्याचार झाला त्याला कुणी 'जरा हलकंफुलकं घ्या' म्हणत असेल, तर तो माणुसकी सोडून बोलतो आहे. पण वेदनेला हसणं वेगळं आणि वेदना देणाऱ्याच्या रुबाबाला हसणं वेगळं. हा फरक महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी 1855मध्ये लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी लुबाडतो, आणि हे चाललेलं असताना विदूषक मध्येमध्ये येऊन जोशाचे डावपेच प्रेक्षकांपुढे उघडे पाडतो. संस्कृत नाटकातला राजाचा खुशमस्कऱ्या विदूषक फुल्यांनी उचलला आणि त्याला शेतकऱ्याच्या बाजूला आणून उभा केला. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारलं. पुढे सत्यशोधकी जलशांनी आणि भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशातली बतावणी याच कामाला लावली. गावातला जो माणूस दिवसा मान खाली घालून चाले, तो रात्री कंदिलाच्या उजेडात, सवाल-जवाबांत, वरच्याची फजिती पाहून पोटभर हसे. आपल्याकडे विषमतेविरुद्धच्या कलेची सुरुवातच विनोदाने झाली आहे.

मग आजच्या लघुपटातून हे हसू गेलं कुठे? नागराज मंजुळे यांचं काम या प्रश्नाच्या मधोमध उभं आहे. 'पिस्तुल्या' (2009) हा शाळेची ओढ लागलेल्या पारधी मुलाचा लघुपट. 'पावसाचा निबंध' (2017) मध्ये गुरुजी पावसावर सुंदर निबंध लिहायला सांगतात आणि राजा या शाळकरी मुलाच्या घराचं छप्पर गळत असतं. या लघुपटासाठी मंजुळेंना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्हींत विसंगती आहे, तीव्र आहे, पण ती आतल्या आत मिटते. हसू फुटायच्या आधीच घसा दाटतो. मंजुळेंचा खरा काळा विनोद 'फँड्री' या त्यांच्या चित्रपटात आहे. कचरू मान्याचं कुटुंब डुक्कर पकडायला धावतंय, गावातली पोरं मॅच पाहावी तशी बसून मजा घेताहेत, आणि डुक्कर हाताशी आलेलं असतानाच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर मात्र निघून जातं. हा प्रसंग मी चित्रपटगृहात पाहिला तेव्हा आधी मोठा हशा उसळला आणि मग तो एकेका रांगेतून विझत गेला. प्रेक्षकाला हसू देऊन, मग आपण कुणाच्या बाजूला बसून हसलो हे त्याच्या लक्षात आणून देणं, ही या विषयातल्या विनोदाची सर्वांत अवघड जागा आहे. मंजुळेंनी ती सहज गाठली. मात्र त्यांच्या मागून आलेल्या बहुतेक लघुपटकारांनी त्यांच्याकडून धूळ, अनवाणी पाय आणि शेवटचा गोठलेला चेहरा उचलला. राष्ट्रगीत कुणी उचललं नाही.

विनोद कोणाच्या खांद्यावर बसवायचा, हे शिकण्यासाठी मी नव्या मुलांना नेहमी दोन-तीन परदेशी लघुपट दाखवतो. पेपे डान्क्वार्ट यांचा 'श्वार्त्सफारर' (1993) त्यांत पहिला. बारा मिनिटांचा, कृष्णधवल, बर्लिनच्या ट्राममधला. एक वयस्क गोरी बाई शेजारी बसलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला उद्देशून अखंड बडबडत राहते. हे लोक घाण, हे लोक आळशी, यांना इथे येऊच का देतात. तो काही बोलत नाही. डब्यातले इतर कुणीही काही बोलत नाही. तिकीट तपासनीस येतो. बाई तिकीट बाहेर काढते आणि त्या क्षणी तो तरुण ते तिच्या हातातून घेऊन शांतपणे खाऊन टाकतो. मग स्वतःचा पास दाखवतो. बाई ओरडते, याने माझं तिकीट खाल्लं! तपासनीस म्हणतो, इतकी मूर्ख सबब मी आजवर ऐकली नाही. डबा अजूनही गप्प. तिच्यासाठीही कुणी तोंड उघडत नाही.

या लघुपटाला ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं. पण त्यातली युक्ती तिकीट खाण्यापुरती नाही. दहा मिनिटं आपण त्या बाईवर चिडलेलो असतो. शेवटी लक्षात येतं की लघुपट खरं तर गप्प बसलेल्यांवर आहे. त्यांचं मौन आधी तिच्या उपयोगी पडलं आणि नंतर त्याच मौनाने तिचा घात केला. शिवाय त्या तरुणाला भाषण द्यावं लागत नाही. आपण माणूस आहोत हे त्याला सिद्ध करावं लागत नाही. त्याला फक्त एक खोडी सुचते, आणि खोडी सुचणं हे बरोबरीचं लक्षण आहे.

ॲडम डेव्हिडसन यांचा 'द लंच डेट' (1989) जास्त सौम्य आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एक सुखवस्तू गोरी बाई सॅलड घेते, काटा आणायला जाते आणि परत येते तर एक कृष्णवर्णीय, फाटका माणूस तिचं सॅलड खातोय. ती हट्टाने त्याच बशीतून खाऊ लागते. तो हसतो, तिला कॉफी आणून देतो. नंतर तिला कळतं की तिची बशी शेजारच्या टेबलावर जशीच्या तशी आहे. रचना बिनचूक आहे, पण मला तो अर्धवट वाटत आला आहे. बाई स्वतःवर हसते आणि तिची सुटका होते. ज्याच्या ताटात तिने हात घातला, त्याला त्या दिवशी पोटभर मिळालं की नाही, हे लघुपट विचारत नाही. आपल्याकडच्या सदिच्छापटांचा हाच दोष आहे. भेद करणाऱ्याला सुधारण्याचा आनंद देऊन ते संपतात.

तिसरा लघुपट ऑस्ट्रेलियातला, 'बाबाकिउएरिया' (1986). डॉन फेदरस्टोन दिग्दर्शित, अर्ध्या तासाचा. यात जग उलटं केलं आहे. आदिवासी जहाजातून उतरतात, किनाऱ्यावर कोळशावर मांस भाजत बसलेल्या गोऱ्यांना पाहतात आणि देश ताब्यात घेतात. मग एक आदिवासी वार्ताहर बाई नमुनेदार गोऱ्या कुटुंबात राहून त्यांच्या चालीरीतींचा 'आपुलकीने' अभ्यास करते. फुटबॉल, जुगार, विचित्र खाणं. सरकार त्या घरातली मुलगी तिच्या भल्यासाठी उचलून नेतं, तेव्हाही वार्ताहराचा गोड स्वर बदलत नाही. आणि हसता हसता आपल्या अंगावर काटा येतो, कारण ऑस्ट्रेलियात हे खरोखर, उलट दिशेने, घडलं होतं.

आता मी राहतो त्या गावाकडे येतो, कारण वरच्या तिन्ही लघुपटांना पुरेल इतकी सामग्री पनवेलमध्ये आहे. ती कुणी उचलत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी झाली. जुनं पनवेल, नवीन पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा एका कारभाराखाली आले. या एका हद्दीत किती माणसं शेजारी-शेजारी राहतात पाहा. ज्यांच्या भातशेतीवर सिडकोने शहर उठवलं ते आगरी. खाडीचे कोळी. डोंगरपायथ्याचे आणि वीटभट्ट्यांवरचे कातकरी. तळोज्याच्या कारखान्यांत आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात राबणारे उत्तर भारतीय, बंगाली, ओडिया. खारघरच्या कर्करोग केंद्रात उपचारांसाठी देशभरातून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबं. पार्लरमध्ये आणि हॉटेलांत काम करणाऱ्या मणिपूर-मिझोरामच्या मुली. खारघर-तळोज्यात भाड्याने राहणारे आफ्रिकी तरुण. आणि बाहेरून आलेल्या या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून इथले असलेले बेने इस्रायल ज्यू. त्यांचं बेथ एल सिनेगॉग पनवेलमध्ये 1849पासून आहे.

बेने इस्रायलांची गोष्ट या विषयाला विलक्षण लागू पडते. कुलाबा जिल्ह्यात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते घाणा चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत. त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते आणि गोरे काळ्यांशी रोटी-बेटी व्यवहार टाळत. मग हीच माणसं इस्रायलला गेली, तेव्हा 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करावी असा दंडक काढला. बेने इस्रायल रस्त्यावर उतरले, 1964मध्ये त्यांनी धरणं धरलं आणि तिथल्या संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. भेद करणारा आणि भेद सोसणारा एकाच घरात, एकाच माणसात कसा नांदतो, याचं इतकं जवळचं उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल. कोकणी मराठी बोलणाऱ्या आजीच्या तोंडून ही उलटापालट एखाद्या लघुपटात आली तर काय बहार येईल!

आगरी बोलीने मात्र स्वतःपुरतं एक काम केलं आहे आणि त्याची दखल समीक्षेने घेतलेली नाही. वर्षानुवर्षं मराठी रंगभूमीने आगरी हेल गड्याच्या तोंडी घातला. मग यूट्यूब आलं, आणि विनायक माळी यांच्यासारख्या तरुणांनी आगरी घरातली बायको, शेठ, हळद, मटणाचं जेवण असं सगळं आगरीतच मांडून लाखो प्रेक्षक मिळवले. फरक साधा आहे पण मोठा आहे. इथे हसण्यासारखी बोली नाही, त्या बोलीतली माणसं आहेत. शहाणीही आगरी बोलतात, मूर्खही आगरीच बोलतात. 'शुद्ध' मराठी बोलणारा आला तर तोच पाहुणा ठरतो. हा स्वाभिमान कुठल्याही व्याख्यानाने आला नसता.

पण हे हसू अजून घराच्या उंबऱ्याशी थांबतं. यूट्यूबवरच्या बोलीतल्या प्रहसनांच्या भाऊगर्दीत 'भैय्या' आला की त्याचं सोंग पुन्हा जुन्याच साच्यातून निघतं, आणि कातकरी तर दिसतच नाही, किंवा दिसला तर झिंगलेला दिसतो. ज्यांना काल हसलं गेलं, त्यांना आज आपल्याहून खाली कुणीतरी लागतं. इथे मला कठोर व्हावंसं वाटतं, कारण या मुलांकडे कान आहे, वेळेचं भान आहे, प्रेक्षक आहे. कमी आहे ती एका पायरीची. आपल्या बाबतीत जे कळलं, ते शेजाऱ्याच्या बाबतीत लागू करून पाहण्याची.

आणि विषय तर दारात आहेत. खारघरमध्ये खोली बघायला गेलेल्या माणसाला एजंट जे प्रश्न विचारतो, ते जसेच्या तसे लिहिले तरी एक प्रहसन उभं राहतं. फॅमिली आहे का, आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, पाहुणे येतात का. एका इमारतीत मासळी शिजवायला मनाई आहे आणि ज्या जमिनीवर ती इमारत उभी आहे, तिथे सिडको येण्याआधी पिढ्यान्‌पिढ्या बोंबील तळले गेले आहेत. त्या जमिनीचा मूळ मालक मोबदल्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचं काम घेऊन आला की वॉचमन त्याला वहीत नाव लिहायला लावतो, 'व्हिजिटर' म्हणून. वॉचमन बिहारचा. मालक त्याला 'भैय्या' म्हणून झिडकारतो, आणि दोघांनाही आत बसलेला सेक्रेटरी हिडीसफिडीस करतो. तीन माणसं, एक वही, एक फाटक. आठ मिनिटांत मावेल.

किंवा हार्बर लाइनची लोकल घ्या. पनवेलहून सकाळी सुटणाऱ्या गाडीत चौथ्या सीटसाठी माणसं एकमेकांच्या मांडीवर बसायच्या बेतात असतात. त्याच गाडीत आफ्रिकी प्रवाशाशेजारची जागा मात्र दोन-तीन स्थानकं रिकामी राहिलेली मी पाहिली आहे. बेलापूरपर्यंत दहा माणसं त्या जागेकडे बघतात आणि उभी राहतात. ती रिकामी सीटच लघुपटाची नायिका आहे. कोणी खलनायक नको, शिवीगाळ नको. शेवटी कुणीतरी बसतं, कारण पाय दुखतात. भेद किती पोकळ आहे ते पायदुखी दाखवून देते, आणि हे बर्लिनच्या ट्रामहून जास्त आपलं आहे.

हे हलकं प्रकरण नाही, याची आठवण ठेवूनच हे म्हणतो आहे. गोव्यात 2013मध्ये एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ महामार्ग अडवला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने त्या सगळ्या समाजाला कर्करोगाची उपमा दिली होती. दिल्लीत जानेवारी 2014मध्ये अरुणाचलचा विद्यार्थी निदो तानिया केसांवरून झालेल्या टिंगलीनंतरच्या मारहाणीत गेला. टिंगल आणि मारहाण यांच्यात किती थोडं अंतर होतं, ते त्या प्रकरणाने दाखवलं. टिंगल तिथे पहिली पायरी होती. म्हणून टिंगलीची दिशा बदलणं मला महत्त्वाचं वाटतं.

भाषेच्या बाबतीतला एक भेद तर इतका उघडा आहे की त्यावर अजून कुणी लघुपट केला नाही याचं आश्चर्य वाटतं. गोऱ्या परदेशी माणसाने मोडकंतोडकं मराठी बोललं की आपण हरखून जातो, व्हिडिओ काढतो. भाडिपा या मराठी यूट्यूब वाहिनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या कॅनडाच्या पॉला मॅग्लिन यांनी मराठीत मनापासून काम केलं आणि त्या कौतुकाला त्या पात्रही आहेत. पण उरणनाक्याच्या बाजारात वीस वर्षं भाजी विकणारा जौनपूरचा माणूस त्यांच्याइतकंच, कदाचित जास्त सफाईने मराठी बोलतो, आणि त्याच्या वाट्याला नक्कल येते. एकच वाक्य, एकच चुकलेलं लिंग, दोन तोंडांतून. एका वेळी टाळ्या, दुसऱ्या वेळी खिल्ली. दिग्दर्शकाने काही न सांगता फक्त हे दोन प्रसंग शेजारी ठेवावेत.

हे करू शकणारे लोक पनवेलमध्ये आहेत. वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात अटल करंडकाच्या एकांकिका पाहायला जावं. राज्यभरातली महाविद्यालयीन मुलं अपुऱ्या नेपथ्यात, ठरलेल्या वेळेत, प्रेक्षकाला धरून ठेवतात. संवादाची टाचणी कुठे टोचायची ते त्यांना कळतं. हीच मुलं पुढे मोबाइलवर लघुपट करतात, आणि तेव्हा त्यांना काय होतं कोण जाणे. पियानो वाजू लागतो. कॅमेरा संथ होतो. सोसणारी व्यक्ती खिडकीबाहेर पाहू लागते आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उपदेश येतो. रंगमंचावर जी मुलगी सासूची बतावणी करून सभागृह डोक्यावर घेते, तीच लघुपटात 'सामाजिक विषय' म्हटल्यावर हसायचं विसरते. स्पर्धांच्या परीक्षकांचाही यात हात आहे. रडवलं की बक्षीस, हा अनुभव मुलांनी घेतलेला आहे. मी स्वतः परीक्षक म्हणून बसतो तेव्हा विनोदी लघुपटाला गुण देताना सहपरीक्षकांशी वाद घालावा लागतो. विषय मोठा आहे पण 'ट्रीटमेंट' उथळ आहे, असं ऐकावं लागतं. डुक्कर निसटत असताना ताठ उभं राहिलेलं कुटुंब उथळ आहे काय?

विनोदासाठी मंजुळेंनंतर मला विनोद कांबळे यांच्या 'कस्तुरी'कडे जावंसं वाटतं, जरी तो लघुपट नाही. सफाईकाम करणाऱ्या घरातला मुलगा अंगाचा वास जावा म्हणून कस्तुरी शोधत फिरतो. 67व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला. त्यातल्या पोरांची आपसातली थट्टा, अत्तरासाठीच्या त्यांच्या खटपटी, हे सगळं बार्शीच्या मातीतलं आहे आणि हसतं आहे. कीव मागत नाही. मुलांना भेदाची व्यवस्था पूर्ण कळलेली नसते, म्हणून ती तिच्यावर सरळ, व्यवहारी उपाय शोधतात. त्यांच्या उपायांच्या साधेपणाने मोठ्यांची व्यवस्था वेडगळ दिसू लागते. लघुपटाला ही वाट फार सोयीची आहे.

एक गोष्ट मात्र पटकथेत नाही, पटकथेबाहेर आहे. 2018चा मल्याळम चित्रपट 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' हा या विषयावरचा आपल्या देशातला सर्वांत प्रेमळ विनोदी चित्रपट म्हणायला हवा. मलप्पुरमच्या सेव्हन्स फुटबॉलमध्ये खेळायला आलेला नायजेरियन खेळाडू जखमी होतो आणि एका गरीब मुस्लिम घरात दोन म्हाताऱ्या त्याची शुश्रूषा करतात. सगळा गाव त्याला 'सुडानी' म्हणत राहतो आणि तो 'नायजेरिया' म्हणून दुरुस्त करत राहतो. पण चित्रपट चालल्यानंतर त्यातला नायजेरियन अभिनेता सॅम्युएल रॉबिन्सन याने जाहीरपणे सांगितलं की वर्णामुळे आपल्याला कमी मानधन मिळालं. निर्मात्यांनी नंतर त्याच्याशी बोलून वाढीव पैसे दिले आणि वाद मिटल्याचं त्यानेच कळवलं. म्हणून पनवेलच्या कुणी उद्या कातकरी मुलीला घेऊन, टॉवरमधल्या माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास करणारी वार्ताहर उभी केली, तर तिला पहिल्या वाचनापासून बोलवावं. तिचं मानधन शहरातून आलेल्या नटाएवढं असावं. संहितेतला जो विनोद वाचताना ती हसणार नाही तो काढून टाकावा, आणि टॉवरविषयी जे पाहून ती आपल्या माणसांत हसते ते तिच्याकडून ऐकून संहितेत घ्यावं.